शरणपूरचे आफ्रिकन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई बंदरात अधूनमधून असा माल उतरे, जो शहरातल्या कुणीच मागवलेला नसे. ती मुले असत. हाडांचे सापळे झालेली, भेदरलेली, पुष्कळदा एकमेकांचीही बोली न कळणारी. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून, न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांतून त्यांना पळवलेले किंवा विकलेले असे. किल्वा आणि झांझिबार या बंदरांतून अरबी गलबतांत कोंबून ती मस्कतकडे, इराणच्या आखाताकडे निघालेली असत. वाटेत इंग्रजांच्या आरमाराने गलबत अडवले तर त्यांचे नशीब फिरे. गलबत बहुधा तिथेच जाळून टाकत, कारण ते बंदरापर्यंत ओढून नेणे परवडत नसे. माणसांना मात्र एडन, सेशेल्स, मॉरिशस किंवा मुंबई, जे सोयीचे पडेल तिथे उतरवून देत.

यात परोपकार होता, तसा हिशोबही होता. सोडवलेल्या प्रत्येक गुलामामागे आरमाराच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना सरकारकडून बक्षिसाची रक्कम मिळे. इंग्लंडने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १८३३ च्या कायद्याने आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरीही मोडली. त्या वेळी २ कोटी पौंडांची भरपाई दिली गेली ती मालकांना. ज्यांची आयुष्ये त्यात गेली होती त्यांच्या हाती काही पडले नाही. हा तपशील पुढे मोंबासाजवळच्या एका टेकडीवर पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मुंबईला या मुलांचे काय करायचे हे नीट उमगलेले नव्हते. काही घरकामाला लागली, काही जहाजांवर गेली, काही मिशनांकडे सोपवली गेली. आफ्रिकी माणूस महाराष्ट्राला नवा नव्हता. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला होता. जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर पिढ्यान्‌पिढ्या समुद्र आपल्या धाकात ठेवला होता. पण ते तलवारीच्या जोरावर वर चढलेले लोक. या पोरांच्या अंगावर धड कपडाही नव्हता, आणि त्यांना परत कुठे पाठवायचे म्हटले तर गाव कोणते हेही सांगता येत नव्हते. पाठवले असते तरी किनाऱ्यावर पाय ठेवताच ती पुन्हा विकली गेली असती.

त्यातली बरीचशी नाशिकला पोचली.

नाशिकमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे काम १८३२ पासून चालू होते. गोदाकाठच्या तीर्थक्षेत्रात ख्रिस्ती झालेल्या माणसाला घर सुटे, पाणवठा सुटे, धंदाही सुटे. अशा बेघर झालेल्यांसाठी विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५० च्या दशकात गावाबाहेर एक वसाहत उभी केली. तेच शरणपूर. शाळा, प्रार्थनामंदिर, कामाच्या शाळा आणि घरांच्या ओळी असा तो थाट होता. तिथेच आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालू झाला. त्या कामात प्राइसच्या जोडीला आयझेनबर्ग हा जर्मन मिशनरी होता. हा गृहस्थ आधी हबसाणात राहून आलेला, त्यामुळे आफ्रिका त्याला नुसती ऐकून माहीत नव्हती. मुलांना सुतारकाम, लोहारकाम शिकवत, मुलींना शिवणटिपण, आणि सगळ्यांना लिहिणेवाचणे. आजूबाजूला मराठी आणि हिंदुस्तानी, वर्गात इंग्रजी. काही वर्षांत लहानपणीची बोली बऱ्याच जणांच्या तोंडून गेली.

नावेही गेली. बाप्तिस्म्याच्या वेळी नवी नावे मिळत आणि त्यांना जोडून मिशनऱ्यांची आडनावे. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार: ही यादी वाचताना नाशिकच्या मिशनचा हजेरीपटच वाचतो आहोत असे वाटते, आणि ती सगळी याओ किंवा तशाच जमातींतली मुले होती. चेंगविंबे नावाचा एक मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. कुणी त्याला विचारले असेल असे वाटत नाही.

या मुलांना पवित्र शास्त्रातली जी गोष्ट सगळ्यात आधी आपली वाटली असेल ती कोणती, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. निर्गमाचे पुस्तक गुलामांबद्दलच आहे. मिसर देशात विटा पाडणारे लोक, त्यांचा आक्रोश, मोशे, फारो, दुभंगलेला समुद्र. दहा आज्ञा त्या पुस्तकात येतात त्या थेट विसाव्या अध्यायात. त्याआधी चौदाव्या अध्यायात समुद्र ओलांडून झालेला असतो, सोळाव्यात रानात मान्ना खाऊन झालेला असतो. आज्ञा सांगण्याआधी देव स्वतःची ओळख देतो तीही दास्याच्या घरातून बाहेर काढणारा म्हणून. आधी सुटका आणि नंतर आज्ञा, हा क्रम ख्रिस्ती शिकवणीत फार महत्त्वाचा आहे. नियम पाळले म्हणून देवाने सोडवले असे नव्हे. त्याने सोडवले, म्हणून आता असे वागायचे. त्याच शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात तर परक्याशी, मजुराशी, दासाशी कसे वागावे हे सांगताना तेच कारण पुन्हा पुन्हा दिले आहे: तुम्हीही मिसरात दास होता हे विसरू नका.

मिशनरी हे मनापासून शिकवत. त्यांच्या मनात त्याचा एक व्यवहारी अर्थही असे. सोडवलेली मुले कृतज्ञ राहतील, आणि कृतज्ञ मुले सांगितलेले ऐकतील. पण ऐकायचे कुणाचे, सोडवणाऱ्या देवाचे की सांभाळणाऱ्या साहेबाचे? नाशिकच्या वर्गात हा प्रश्न निघायचे कारण नव्हते. तिथे दोघांचे सांगणे एकच होते.

१८६४ च्या जून महिन्यात आफ्रिकेचा प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. अडीच हजार मैलांचा समुद्र, आणि पावसाळा तोंडावर. बरोबर चुमा आणि विकातानी ही गुलामांच्या तांड्यातून सोडवलेली दोन मुले होती. त्यांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत घातले. पुढच्या वर्षी इंग्लंडहून तो परत आला, बोट विकली (ते पैसे मुंबईतल्या एका बँकेत ठेवले आणि शेअरच्या वेडानंतरच्या पडझडीत ते बुडाले) आणि आफ्रिकेतल्या नव्या मोहिमेसाठी माणसे जमवायला लागला. शरणपूरहून त्याला नऊ तरुण मिळाले. १८६६ च्या जानेवारीत ही मंडळी मुंबईहून निघाली.

या नऊ जणांची गोष्ट धर्मोपदेशात सांगण्याजोगी मुळीच नाही. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत त्यांच्याबद्दल तक्रारीच फार: आळशी आहेत, ओझी टाकून देतात, ऐकत नाहीत. रिचर्ड पहिल्याच वर्षी तापाने वारला. रूबेन वाटेतल्या एका गावात राहून गेला. बाकीच्यांतले काही रुसले, काही सोडून गेले. नाशिकच्या शाळेत वाढलेल्या पोरांना दलदलीतून ओझी वाहण्याचा उत्साह वाटला नाही यात नवल ते काय? तरीही एडवर्ड गार्डनर आणि नॅथॅनियल कुंबा हे दोघे शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिले.

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शोधात जाऊन आलेल्या स्टॅन्लीने झांझिबारहून लिव्हिंग्स्टनकडे नवी कुमक पाठवली. त्या कुमकीत शरणपूरचे आणखी काही जण होते: जेकब वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन आणि त्यांचे सोबती. यांच्याबद्दल जगाने जास्त ऐकले आहे, कारण १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा ते तिथे होते. लिव्हिंग्स्टनचे जुने सोबती सुसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने त्यांनी मिळून ठरवले की देह समुद्रापर्यंत न्यायचा. काळीज झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थनापुस्तकातली उत्तरक्रिया वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली. देह मीठ लावून उन्हात वाळवला, सालीत आणि कापडात गुंडाळला, आणि हजार मैलांहून लांबच्या वाटेला लागले.

वाटेवर त्यांना लेफ्टनंट कॅमेरन भेटला. हा इंग्रज अधिकारी लिव्हिंग्स्टनच्या मदतीलाच निघालेला. त्याचे म्हणणे पडले की मृतदेह घेऊन पुढे जाणे धोक्याचे आहे, इथेच पुरा. सल्ला शहाणपणाचा होता. त्या मुलखात प्रेत गावातून न्यायचे म्हणजे लोक अंगावर येत. मंडळींनी ऐकून घेतले आणि मानले नाही. पुढे धोका खराच वाढला तेव्हा त्यांनी गवताचे खोटे प्रेत बांधून परत पाठवल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. १८७४ च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्यावर बागामोयोला पोचले. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला मूठमाती दिली गेली, तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांत इंग्रज मातब्बरांच्या ओळीत जेकब वेनराइट उभा होता.

लंडनच्या वर्तमानपत्रांना हा प्रसंग स्वामिनिष्ठेचा वाटला आणि अजूनही तो तसाच सांगितला जातो. पण निष्ठा आणि आज्ञाधारकपणा हे एकच असते तर ती माणसे कॅमेरनच्या शब्दावर थांबली असती.

दरम्यान किनाऱ्यावर राजकारण हलले होते. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी बोलणी करायला गेले. त्यांना यश आले नाही. पण मागोमाग कॉन्सल जॉन कर्क यांनी आरमाराच्या वेढ्याची भीती घालून ५ जूनला सुलतान बर्गश याची सही मिळवली. गुलामांची समुद्रावरची वाहतूक बंद झाली आणि झांझिबारचा बाजार मोडला. आता पकडलेल्या गलबतांतल्या माणसांना मुंबईपर्यंत कशाला न्यायचे, आफ्रिकेतच वसवावे, असा विचार पुढे आला. फ्रिअरला नाशिकचे काम ठाऊक होते. सोसायटीने १८७४ मध्ये प्राइसलाच मोंबासाला धाडले. बेटासमोरच्या मुख्य भूमीवर जमीन घेतली आणि वसाहतीला नाव दिले फ्रिअरटाउन.

नव्या वसाहतीला शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे, देखरेखीची माणसे हवी होती. ती शरणपूरहून गेली. सुमारे १५० स्त्रीपुरुष आणि मुले, बहुतेक जण लहानपणी उलट्या दिशेने हाच समुद्र ओलांडलेले. किनाऱ्यावर त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ असे नाव पडले. पोशाख वेगळा, चाल वेगळी, तोंडी इंग्रजी आणि हिंदुस्तानी. किनाऱ्यावरच्या मुसलमान अरबांना आणि स्वाहिली लोकांना ते परके, आणि आतल्या टेकड्यांवरच्या मिजिकेंदा लोकांनाही परकेच. आरमाराची जहाजे सोडवलेली माणसे आणून उतरवू लागली तसे या मंडळींना स्वतःच्या बालपणासारखी बालपणे हाताळावी लागली. वसाहतीत मोठी घंटा होती. गुलाम धरणाऱ्यांची टोळी दिसली की ती वाजवून सगळ्यांना सावध करत.

इथे पहिल्यांदा कुरबुर सुरू झाली. इंग्लंडहून येणारे नवे कारभारी या लोकांपेक्षा वयाने आणि अनुभवाने लहान, पण पगार आणि अधिकार मोठा. प्राइस परत गेल्यावर आलेल्या एका व्यवस्थापकाने तर शिस्तीसाठी फटके आणि कोठडी यांचा सर्रास वापर केला. त्याच्याविरुद्ध तक्रारी गेल्या, १८८१ मध्ये चौकशी झाली, त्याला जावे लागले आणि घडी बसवायला प्राइसला पुन्हा यावे लागले. गुलामांना सोडवण्यासाठी वसवलेल्या गावात चाबूक चालतो आहे, ही गोष्ट सोसायटीला लंडनमध्ये फार अवघड गेली.

खरी कसोटी मात्र फ्रिअरटाउनमध्ये नव्हे, तिथून काही मैल आत असलेल्या राबाईच्या टेकडीवर लागली. राबाईला योहानेस रेबमान हा जर्मन मिशनरी १८४६ पासून राहत होता. किलिमांजारोचे बर्फ पाहून युरोपला कळवणारा तो हाच, आणि युरोपातल्या भूगोलतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढले होते. त्याच्या मदतीला १८६४ मध्येच मुंबई-नाशिककडून विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे गेले होते. पुढे रेबमान आंधळा होऊन मायदेशी गेला. राबाईचा कारभार हळूहळू या मंडळींच्या, विशेषतः जोन्सच्या हाती आला.

आणि राबाईला माणसे येऊ लागली. ही आरमाराने आणलेली नव्हती. मोंबासा, मालिंदी आणि किनाऱ्यावरच्या मळ्यांतून, धन्याच्या घरातून रात्रीबेरात्री पळून, रान तुडवत चालत आलेली होती. त्यांना ठेवून घ्यायचे की नाही?

कायदा स्पष्ट होता. सुलतानाच्या राज्यात गुलामांची समुद्रावरून ने-आण बंद झाली होती, गुलाम बाळगणे बंद झालेले नव्हते. पळालेला गुलाम हा धन्याच्या मालकीचा, त्याला आसरा देणे म्हणजे चोरी. इंग्रज कॉन्सल मिशनांना हेच बजावत असे, कारण किनाऱ्यावरचे मालक चिडून मिशनवर चालून आले तर सगळेच काम बुडाले असते. सोसायटीनेही आपल्या माणसांना कळवले होते की पळून आलेल्यांना थारा देऊ नका. भीती पोकळ नव्हती. गिर्यामा ख्रिस्ती आणि पळालेले गुलाम यांनी मिळून फुलादोयो इथे वसवलेल्या वस्तीवर १८८३ मध्ये हल्ला झाला आणि तिथला पुढारी डेव्हिड कोई मारला गेला.

आता या हुकमासमोर अनुवादाचा तेविसावा अध्याय ठेवून पाहावा. धन्याकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये, त्याला आवडेल त्या गावी तुझ्यामध्ये राहू द्यावे, त्याच्यावर जुलूम करू नये, असा तिथे नियम आहे. शेजारच्या प्राचीन राज्यांचे कायदे याच्या उलट होते. हम्मुराबीच्या कायद्यात पळालेल्या गुलामाला लपवणाऱ्याला देहांत सांगितला आहे. पवित्र शास्त्राची पाने गुलामगिरीच्या बाजूने उलटणारे ख्रिस्ती काही कमी झाले नाहीत, आणि त्यांना तशी वचने सापडतही. पण या एका वचनाला वळसा घालणे कठीण आहे. मिशनऱ्यांनी ते शिकवले होते, आणि आता मिशनच सांगत होते की किनाऱ्यावरची परिस्थिती पाहता तसे करू नका.

जोन्सने माणसे ठेवून घेतली. त्याने आपली कैफियत कुठल्या वचनावर उभी केली असती हे सांगायला तो जाहीर वाद घालत बसला नाही. त्याने झोपड्यांना जागा दिली, शेताचे तुकडे पाडून दिले, रविवारच्या उपासनेला लोक बसू लागले. कोण कुठल्या गावचा याची बारीक चौकशी झाली नाही, किंवा झाली तरी कागदावर आली नाही. या गप्प राहण्याला लबाडी म्हणता येईल. ज्याच्या लहानपणी कुणीतरी गलबत अडवले म्हणून तो जिवंत होता, त्याला दारात उभ्या माणसाला परत जा म्हणणे जमले नाही, असेही म्हणता येईल. दुसरे जास्त खरे वाटते.

सोसायटीचा त्याच्यावरचा विश्वास याने कमी झाला नाही, हे विशेष. १८८५ मध्ये नवे बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर निघाले तेव्हा बिशपांनी जोन्सला बरोबर घेतले. व्हिक्टोरिया सरोवराच्या ईशान्येला बहुतेक तांडा जोन्सच्या हाती सोपवून हॅनिंग्टन थोड्या माणसांनिशी पुढे गेले, आणि २९ ऑक्टोबरला बुसोगात बुगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकमावरून मारले गेले. जोन्सने आठवडे वाट पाहिली. मग उरलेल्या माणसांना घेऊन, भुकेल्या आणि शत्रूच्या मुलखातून, तो १८८६ च्या फेब्रुवारीत राबाईला परतला. तांड्यापुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते ‘ईखाबोद’. कराराचा कोश शत्रूने नेला त्या दिवशी जन्मलेल्या मुलाचे, पहिल्या शमुवेलातले हे नाव. शेकडो मैल रानातून माणसे जिवंत परत आणायची आणि त्यातही शास्त्रातला नेमका संदर्भ शोधून तो निशाणावर लिहवून घ्यायचा, ही त्या माणसाची तऱ्हा.

१८८८ मध्ये इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीला सनद मिळाली आणि तिचा व्यवस्थापक जॉर्ज मॅकेंझी मोंबासाला उतरला. समोर काय, तर संतापलेले अरब आणि स्वाहिली मालक. मिशन आमचे गुलाम पळवते, परत द्या, नाहीतर आम्ही घेऊ. योगायोग असा की त्या वर्षी फ्रिअरटाउनची सूत्रे पुन्हा म्हाताऱ्या प्राइसकडे होती. शरणपूर वसवणाऱ्या या माणसाने आयुष्यभर नियमाने काम केले होते, आणि आपल्या मिशनमध्ये पळालेले गुलाम फारसे नसतील असा त्याचा समज होता. मोजणी सुरू झाली. राबाईत आणि शेजारच्या मेथडिस्ट मिशनच्या ठाण्यांत मिळून आकडा निघाला १,४०० हून अधिक. त्यांतले बहुसंख्य राबाईचे. एवढी माणसे आपल्या नाकाखाली राहत होती, शेते कसत होती, वेशीत लग्ने लागत होती, हे पाहून प्राइस चक्रावला.

आता त्यांचे करायचे काय? परत पाठवणे म्हणजे फटके, साखळ्या आणि कदाचित मरण. ठेवून घेणे म्हणजे दंगल. प्राइसला आपल्या नाशिकच्या शाळेतून गेलेल्या माणसाचा राग आला असेल तर तो रास्तच होता. कायद्यापुढे, कॉन्सलपुढे, कंपनीपुढे सोसायटीची लाज गेली होती. पण त्याने हेही पाहिले की यातल्या एकालाही धन्याच्या हवाली करणे आपल्याच्याने होणार नाही. नियम आणि माणसे यांत निवड करायची वेळ आली तेव्हा म्हातारा माणसांच्या बाजूला गेला, पण ती निवड त्याच्यापुढे आणून ठेवली होती दुसऱ्याने.

मॅकेंझी हा धंदेवाला माणूस. त्याने हिशोबाने विचार केला: मालकांना पैसे देऊन टाका, भांडण मिटेल, कंपनीचे नाव होईल. सुमारे ३,५०० पौंडांची रक्कम उभी राहिली. कंपनीने काही घातले, काही ब्रिटिश सरकारने, काही मिशनच्या हितचिंतकांनी. १ जानेवारी १८८९ रोजी राबाईला मोठा मेळावा भरला. एकेकाचे नाव पुकारून मुक्तिपत्रे वाटली गेली. भरपाई पुन्हा एकदा मालकांनाच मिळाली. वर्षानुवर्षे ज्यांनी फुकट राबून नारळ आणि धान्य पिकवले त्यांच्या हाती आला तो एक कागद. तरी तो कागद हाती घेताना लोक नाचले असे वर्णन आहे, आणि त्यावर दूरच्या वाचकाने नाक मुरडायचे कारण नाही.

मिशनच्या अहवालांत या दिवसाचे श्रेय मॅकेंझीच्या औदार्याला गेले. जोन्सचे नाव येते ते थोडे अवघडल्यासारखे, एखाद्या गुणी पण हट्टी सेवकाचे यावे तसे. सरळ विचारावे: त्याने हुकूम मानला असता तर १ जानेवारीला कागद वाटायला राबाईत उभे तरी कोण राहिले असते? कृतज्ञतेला मिशनने दिलेला अर्थ होता नेमून दिलेले काम करणे आणि वरिष्ठांचे ऐकणे. जोन्सच्या वागण्यातून निघतो तो अर्थ वेगळा. मला दार उघडले गेले, म्हणून मी दार बंद करणार नाही. दोघांचा आधार एकच पुस्तक होते, पण त्यातल्या आज्ञा ज्याने दास्य भोगले होते त्याने जास्त अक्षरशः घेतल्या.

याचा अर्थ बॉम्बे आफ्रिकन सगळेच असे होते असा नाही. काहींनी व्यापार धरला, काही कंपनीच्या आणि सरकारच्या नोकरीत गेले, काहींचे मिशनशी पगारावरून आणि मानापानावरून कायमचे बिनसले. जेकब वेनराइट ॲबीतल्या त्या दिवसानंतर पुन्हा आफ्रिकेच्या आतल्या भागात, एका मिशनच्या ठाण्यावर साध्या कामाला लागला आणि १८९२ मध्ये उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासाचा अखेरचा साक्षीदार म्हणून पाहुणे त्याला भेटायला येत. शरणपूरला नव्या आफ्रिकी मुलांचे येणे फ्रिअरटाउन वसल्यावर थांबत गेले. नाशिककरांना शरणपूर रोड ठाऊक असतो, तिथली वर्दळ ठाऊक असते. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने २००७ मध्ये लंडनमध्ये बॉम्बे आफ्रिकनांवर प्रदर्शन भरवले. मराठीत मात्र या लोकांवर फार थोडे लिहिले गेले आहे.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामगिरीची कायदेशीर मान्यता झांझिबार आणि पेंबा बेटांवर १८९७ मध्ये संपली. राबाई ज्या पट्ट्यात येते त्या केनियाच्या किनाऱ्यावर ती १९०७ मध्ये संपली, म्हणजे राबाईच्या त्या मेळाव्यानंतर १८ वर्षांनी. फ्रिअरटाउनमध्ये वाढलेल्या जेम्स जुमा म्बोतेला याने १९३४ मध्ये ‘उहुरू वा वातुम्वा’ हे छोटे स्वाहिली पुस्तक काढले. त्याचा बाप गलबतातून सोडवला गेला होता. सोडवणाऱ्या इंग्रजांबद्दल त्या पुस्तकात इतकी ओतप्रोत कृतज्ञता आहे की स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या पिढीला आणि पुढच्या अभ्यासकांना ती खटकली. टीका समजण्यासारखी आहे, आणि बापाचा जीव वाचल्याचा मुलाला झालेला आनंदही. पण गुलामांच्या सुटकेची गोष्ट आरमाराच्या जहाजांपासून सुरू केली की ती जहाजांचीच होऊन बसते. मोजणीत निघालेल्या त्या १,४०० जणांना कुठल्याही कप्तानाने सोडवलेले नव्हते. ते पायी आले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना ठेवून घेणारा माणूस शरणपूरच्या शाळेतून आला होता.